आखडलेल्या घेवड्याचे प्रकरण

गुन्हा घडणं आणि तो माझ्या नजरेस पडणं, या दोन गोष्टींमध्ये फारसा वेळ जात नाही. माझी नजर ससाण्याची आहे, कान तिखट आहेत, आणि बुद्धीबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलणं बरं दिसत नाही. पण दुसरं कोणी बोलतच नाही, तेव्हा नाइलाज आहे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात माझं सारं आयुष्य गेलं. तिथलं रहस्यकथांचं कपाट मी वरपासून खालपर्यंत वाचून काढलेलं आहे. ज्या पुस्तकांची शेवटची पानं वाचकांनी फाडून नेली होती, त्यांतले खुनी मी स्वतः ठरवले. त्यांपैकी एकही निकाल आजवर कोणी खोटा पाडू शकलेलं नाही.

हा परिच्छेद मी लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला. खोडताना जास्त बरं वाटलं होतं. बसमध्ये कोणी माझ्या पायावर पाय दिला तर ‘माफ करा’ मी म्हणतो, असा माझा स्वभाव. अशा माणसाने गुन्हेगाराच्या डोळ्याला डोळा भिडवायचा कसा? मी सहसा गुन्हेगाराच्या बुटांकडे बघत असतो. शोधकार्यात बुटांना फार महत्त्व असतं, एवढाच काय तो दिलासा.

माझी सहायक म्हणजे माझी बायको. तिला हे पद मान्य नाही.

घेवड्याचं प्रकरण आलं तेव्हा माझ्या हातात एकच काम होतं. माझे पायजमे हळूहळू लांब होत चालले होते. जे पायजमे पूर्वी घोट्याशी थांबायचे, ते आता टाचेखाली येऊन मला अडखळवत. माझा संशय कोपऱ्यावरच्या शिंप्यावर होता. घरून वाक्य पाठ करून जाऊन मी त्याला विचारलंही, “आपण कापड जरा सढळ हाताने ठेवता का हो?”

“माप तेच आहे, काका,” तो म्हणाला. “वहीत आहे तेच.”

गुन्हेगार नेहमी असंच म्हणतात.

तर घेवडा. माझी सून त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. नात अजून दूधपिती, त्यामुळे दुपारच्या सुट्टीत तिला कडेवर घेऊन आईकडे पोचवायचं काम माझं. सून प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बाळाला पाजायला बसली की मी प्रयोगशाळेत घुटमळत राही. एरवी निवृत्त ग्रंथपालाला तिथे कोणी उभं केलं नसतं. कडेवर बाळ असलं की माणसाला कुठेही जाता येतं, हे मी इतर गुप्तहेरांच्या माहितीसाठी नमूद करतो.

सुनेने त्या वर्षी एक नवा तास सुरू केला होता: जीवशास्त्रात आकडेमोड. मुलांनी नुसत्या व्याख्या पाठ करायच्या नाहीत; मोजायचं, आलेख काढायचा आणि त्यावरून काय म्हणता येतं ते बोलायचं. ती घरी सांगायची, “बाबा, ‘झाड वाढतं’ हे यांना तोंडपाठ आहे. पण किती वाढतं, सगळी सारखीच वाढतात का, आणि हे तुला कशावरून कळलं, असं विचारलं की सगळे छताकडे बघतात.”

म्हणून मुलांनी खिडकीशी कुंड्या मांडून घेवडा पेरला होता. दर सोमवारी पट्टी लावून उंची मोजायची, साऱ्या झाडांची सरासरी काढायची आणि भिंतीवरच्या मोठ्या कागदावर तिचा एक ठिपका द्यायचा. ठिपके जोडत गेलेली रेघ अगदी शिडीसारखी वर चालली होती. नियम एकच होता: जे उगवलंच नाही, त्याची जागा कोरी सोडायची. तिथे शून्य लिहायचं नाही. हा नियम मी माझ्या कानांनी ऐकला होता, तिखट कानांनी, आणि सोडून दिला होता.

त्या सोमवारी मी नातीला घेऊन पोचलो तेव्हा सारा वर्ग भिंतीसमोर गोळा झाला होता. रेघ खाली आली होती. थोडीथोडकी नाही, चांगली घसरगुंडी.

“घेवडा आखडला,” एक मुलगा म्हणाला.

“झाड आखडतं का रे कधी?” त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली. ही मुलगी मला माहीत होती. गणितापासून लांब पळायचं म्हणून तिने जीवशास्त्र घेतलं होतं आणि नेमका हा तास तिच्या वाट्याला आला होता. वर्गात तिचं नाव पडलं होतं ‘पळपुटी’. “मी म्हटलंच होतं, भागाकारात काही तरी लोचा आहे. भागाकारात नेहमीच असतो.”

“तू केलास का भागाकार?”

“मी कशाला करू? माझा आणि त्याचा अबोला आहे.”

भागाकार पुन्हा केला. बरोबर निघाला. इतक्यात विभागप्रमुख आत आले. ते उंच, कोरे आणि इस्त्रीचे गृहस्थ आहेत. त्यांनी आलेखाकडे बराच वेळ पाहिलं.

“मॅडम,” ते सुनेला म्हणाले, “माझ्या सबंध नोकरीत जिवंत झाड उतरत्या दिशेने वाढलेलं मी पाहिलं नव्हतं. जीवशास्त्र म्हणजे निरीक्षण आणि आकृती. त्यात गणित घातलं की हे असं होतं. शुक्रवारी मी तासाला येऊन बसतो. वर्गाला याचा उलगडा सांगता आला तर ठीक. नाही तर पुढच्या सत्रापासून हा तास बंद, आपण आपलं पेशीचं चित्र काढू.”

“वर्गाला सांगता आला तर,” सुनेने विचारलं, “म्हणजे मी सांगायचा नाही ना?”

“तुम्ही सांगून काय उपयोग? तुम्हाला पगार आहे.”

सून हसली नाही, रागावलीही नाही. ‘बरं’ म्हणाली. मी तो चेहरा पाहिला. या तासासाठी तिने बाळंतपणाच्या रजेत, एका हाताने पाळणा हलवत, धडे लिहून काढले होते. तिचा तास बुडू द्यायचा नाही, असं मी त्याच क्षणी ठरवलं. मी हे प्रकरण हाती घेत आहे असं मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली.

घरी सहायकाला सांगितलं.

“ती इतकी शिकलेली मुलगी आहे,” बायको म्हणाली. “तिला कळेल की.”

“तिचा चेहरा पाहिला असतास तर असं म्हणाली नसतीस. तिला काहीही कळलेलं नाही.”

“आणि तुम्हाला?”

“मला दोन धागे मिळालेत.”

“एक पायजम्याचाच असेल. लोंबतोय बघा मागे.”

पहिला धागा होता गोगलगाय. माझा सिद्धांत असा की कुठलीशी गोगलगाय शेंडे कुरतडते. दुसऱ्या दिवशी नातीला आईच्या स्वाधीन करून मी प्रत्येक कुंडी नाकाजवळ नेऊन तपासली. गोगलगाय नव्हती. कुरतडल्याची खूण नव्हती. एका पानावर चिकट ओलसर डाग मात्र सापडला. मी तो टीपकागदाने जपून टिपला आणि मग लक्षात आलं की नात कडेवर असताना त्या पानाकडे झेपावली होती. ती लाळ होती.

दुसरा धागा पट्टीचा. लाकडी पट्टीच्या टोकाला शून्याआधी थोडी कोरी जागा असते. ती धरली तर माप चुकतं. मी प्रयोगशाळेतल्या मामांना गाठलं. मामा तिथले जुने सहायक. बाटल्या विसळण्यापासून बेडूक सांभाळण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे.

“मामा, पट्टी बदलली का हो कोणी?”

“पट्टी तीच.”

“नक्की?”

“तिला टोकाशी दातांचे वण आहेत. गेल्या वर्षीच्या पोरांनी चावलीय. बघा.”

वण होते. पट्टी निर्दोष सुटली. पण जाता जाता माझी नजर, ती ससाण्याची, कुंड्यांवर पडली आणि मी जागीच थबकलो. ढोपराएवढ्या वेलांच्या रांगेत मध्येच काही अगदी बोटभर रोपं उभी होती! मान खाली घातलेली, नुकती मातीबाहेर आलेली, शाळेच्या पहिल्या दिवशी रडून झालेल्या मुलांसारखी.

मी घाम पुसला. आता सारं लख्ख झालं होतं. कोणी तरी मोठी झाडं उपटून नेली होती आणि त्यांच्या जागी चिमुकली रोपं लावून ठेवली होती!

“मामा,” मी आवाज शक्य तेवढा सहज ठेवून विचारलं, “ही लहान रोपं इथे कशी?”

“त्या जुन्या पुडीतल्या बिया,” मामा बाटली विसळत म्हणाले. “नवी पुडी पुरली नाही, मग उरलेल्या कुंड्यांत कपाटातली जुनी घातली. आल्या एकदाच्या. पोरं नाचली परवा.”

मी मंद हसलो. साक्षीदाराला विकत घेतलं आहे हे मला कळून चुकलं होतं.

या ठिकाणी मला वाचकांशी प्रामाणिक राहिलं पाहिजे. उत्तर माझ्यासमोर कुंडीत उभं होतं. साक्षीदाराने ते तोंडाने सांगितलं होतं. मी ते दोन्ही घेऊन घरी आलो आणि त्यांतून विभागप्रमुखांना गुन्हेगार ठरवलं.

कारण त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात एक छोटी कात्री असते, आणि तिच्या पात्यावर मी स्वतः हिरवा डाग पाहिला होता. हेतू उघड होता: तास बंद पाडायचा. संधी होती: प्रयोगशाळेची किल्ली. राहता राहिलं उपटलेली झाडं कुठे गेली ते. नात मांडीवर झोपली होती. तिला थोपटत थोपटत मी विचार करत होतो. मागच्या वर्षी याच वेळी या घरात आम्ही चारच माणसं होतो आणि संध्याकाळी घर कसं सुनं वाटायचं, हेही मधूनच मनात येत होतं; पण विषयांतर नको म्हणून ते मी झटकून टाकलं.

“झाडं त्यांनी खाल्ली,” मी बायकोला म्हणालो.

“कोणी?”

“विभागप्रमुखांनी.”

बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. “अहो, तुम्ही शुक्रवारी तिकडे जाऊच नका. बाळाला मी नेते.”

पण मी गेलो. गुप्तहेराने शेवटच्या प्रवेशाला हजर राहायचं असतं. वर्गाच्या मागच्या भिंतीशी मी नातीला घेऊन उभा राहिलो. खिशात माझं भाषण होतं. त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘गुन्हेगार याच खोलीत आहे.’ पायजमा टाचेखाली आला होता.

विभागप्रमुख पहिल्या बाकावर बसले. सुनेने भिंतीवरचा आलेख दाखवला. “सरासरी उंची खाली आली. का आली असेल? बोला.”

वर्ग छताकडे बघू लागला. विभागप्रमुखांनी पेनाचं टोपण लावलं, म्हणजे आता उठणार. एका मुलाने ‘पाणी कमी पडलं असेल’ म्हटलं, दुसऱ्याने ‘मग झाड वाळेल, आखडेल कसं?’ म्हटलं.

आता किंवा कधीच नाही. मी घसा साफ केला.

“गुन्हेगार...” मी म्हणालो.

सारा वर्ग मागे वळला. विभागप्रमुखही वळले. त्यांची नजर माझ्यावर आली आणि माझी त्यांच्या बुटांवर गेली. “...म्हणजे... आपल्या कात्रीला हिरवं काय लागलंय?” एवढंच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

त्यांनी खिशातून कात्री काढून बघितली. “माझ्या ऑफिसात एक वेल आहे. तिची पिवळी पानं मी छाटतो. का?”

“काही नाही,” मी म्हणालो. “सहज. माफ करा.”

कोणी तरी फिस्सकन हसलं. बहुतेक नात असावी. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटत असतानाच बाकावरून आवाज आला, “मॅडम, मी सरासरी काढलेलीच नाहीये. चालेल का?”

पळपुटी उभी होती. हातात चोळामोळा झालेला कागद.

“का नाही काढलीस?” सुनेने विचारलं.

“भागाकार येतो हो त्यात. म्हणून मी आपले नुसते ठिपके दिले. एका झाडाला एक ठिपका. मागच्या सोमवारचे डावीकडे, या सोमवारचे उजवीकडे. त्यात आकडेमोड काही नाही, लहान मुलांसारखंच आहे, पण...”

“फळ्यावर काढ.”

तिने काढले. डावीकडे ठिपक्यांचा एक पुंजका. उजवीकडे तोच पुंजका, पण चांगला वर सरकलेला. आणि त्याच्या कितीतरी खाली, अगदी तळाशी, नवे चारपाच ठिपके एकमेकांना चिकटून.

“म्हणजे आखडलं कोणीच नाही,” ती फळ्याकडे बघत सावकाश म्हणाली, जणू स्वतःलाच सांगत होती. “जुनी झाडं सगळी वाढलीच आहेत. हे खालचे ठिपके मागच्या सोमवारी नव्हतेच. तेव्हा ती उगवली नव्हती, म्हणून आपण जागा कोरी सोडली. आता उगवली, तर मोजली. ही बुटकी मंडळी आत आली आणि त्यांनी सरासरी खाली ओढली.”

“अरे हो!” बाकांवरून दोघंतिघं एकदम म्हणाले.

“एवढंच?” विभागप्रमुख म्हणाले. “मग रेघ खोटी होती?”

“खोटी नाही सर. ती एवढंच सांगत होती की आजचा घोळका मागच्या घोळक्यापेक्षा बुटका आहे. झाड आखडलं, हे आपण आपल्या मनाने जोडलं.” तिने इकडेतिकडे पाहिलं. तिची नजर मागच्या भिंतीवर येऊन थांबली. “आता मॅडमच्या घरी बघा ना. मागच्या वर्षी सगळी मोठी माणसं होती. मग हे बाळ आलं. घराची सरासरी उंची धाडकन खाली आली असणार. म्हणून काय आजोबांचे पाय कोणी कापले का?”

सारा वर्ग माझ्या पायांकडे बघू लागला. पायजम्यामुळे ते दिसत नव्हते.

मी नातीकडे पाहिलं. तिने माझा चष्मा ओढला. इतके दिवस मी पुरावा मांडीवर घेऊन थोपटत होतो. त्याचे लंगोट बदलत होतो.

विभागप्रमुख मात्र हसले नाहीत. ते फळ्याजवळ गेले, खालच्या ठिपक्यांवर बोट ठेवून उभे राहिले.

“गेल्या वर्षी आपल्या विभागाच्या गुणांची सरासरी घसरली,” ते हळूच म्हणाले. “त्यावरून मला वर बोलावून बरंच ऐकवलं. त्याच वर्षी मी कच्च्या मुलांना परीक्षेला बसू दिलं होतं. आधी त्यांना बसूच देत नसत.”

मग त्यांनी खडू उचलून पळपुटीपुढे केला.

“त्याचे असे ठिपके काढता येतील?” त्यांनी पळपुटीला विचारलं.

“येतील की. पण भागाकार नाही करणार.”

“पण सर,” मघाचा पाणीवाला मुलगा म्हणाला, “ठिपके काढल्यावर जुनी मुलंही खाली आलेली निघाली तर?”

विभागप्रमुखांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं आता याचं काही खरं नाही.

“तर तेही कळेल,” ते म्हणाले. मग सुनेला म्हणाले, “मॅडम, पुढच्या सत्राचं वेळापत्रक करताना या तासाला सकाळची वेळ द्या. दुपारी मलाही झोप येते.”

ते गेल्यावर मी सुनेजवळ गेलो. “तुला कधी कळलं गं?”

“सोमवारीच, बाबा. कागदावर ठिपका देतानाच.”

“मग आठवडाभर तो चेहरा?”

“सांगायचं नाही म्हणून दाबून धरलेला चेहरा होता तो. मी सांगितलं असतं तर मुलांनी तेही पाठ केलं असतं.” तिने नातीला घेतलं. “फार जड गेलं हो. त्यात तुम्ही पानावरची लाळ टिपताना दिसलात, तेव्हा तर मी बाहेर पळाले.”

त्या संध्याकाळी घरी या निकालाचा आनंद झाला. सुनेने नातीला दाराच्या चौकटीशी उभं धरून तिच्या डोक्यावर पेन्सिलीची पहिली रेघ मारली. त्या चौकटीवर आमच्या मुलाच्या लहानपणच्या रेघा आहेत, आणि त्याच्या हट्टापायी मारलेली माझीही एक आहे, सगळ्यांत वर.

“तुम्हीही उभे राहा ना बाबा,” सून म्हणाली. “आपणही ठिपके काढू.”

मी ताठ उभा राहिलो. तिने डोक्यावर पट्टी ठेवली, रेघ मारली आणि काहीच बोलली नाही. सोमवारचाच चेहरा. या वेळी मी तो बरोबर ओळखला.

वळून पाहिलं. नवी रेघ जुन्या रेघेच्या खाली होती. फार नाही. पायजमा टाचेखाली जाईल, इतकी.

“इथे नवं कोणी आत आलेलं नाही,” मी म्हणालो. “हा ठिपका खरंच खाली आलाय.”

“वय झालं की येतो थोडा,” सून हळूच म्हणाली.

“मी कधीची सांगतेय,” बायको आतून म्हणाली, “पायजमा नाही वाढला, माणूस उतरलाय. पण सहायकाचं ऐकतो कोण! उद्या त्या शिंप्याची माफी मागून या आधी.”

पद तिने पहिल्यांदाच मान्य केलं होतं. मी त्यावर काही बोललो नाही. बोललो असतो तर परत केलं असतं.

सकाळी वाक्य पाठ करून शिंप्याकडे गेलो. ते ऐन वेळी विसरलो, म्हणून नुसतंच ‘माफ करा’ म्हणालो आणि पायजमे पुढे केले. त्याने मनाला लावून घेतलं नाही. खडू घेतला, गुडघ्यावर बसला.

“किती कापू, काका?”

“कापू नका,” मी म्हणालो. “दुमडून घ्या. एवढ्या एका मोजणीवरून काही ठरवणं बरं नाही.”